वडीलधाऱ्यांसाठी स्वस्तातला घरगुती संगणक : आम्ही जोडला तसा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस संगणकाविषयी लिहीत आहोत. विषय शेताबाहेरचा वाटेल, पण गेल्या गळीत हंगामात गटागटांतून फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस आली. सातबारा वडिलांच्या नावावर, ऊस वडिलांच्या नावावर, शेअर वडिलांचा; पण वजनाचा संदेश येतो मुलाच्या फोनवर. म्हाताऱ्याला विचारले, "यंदा टनेज किती पडले?" तर उत्तर मिळते, "पोट्टं आलं म्हणजे त्यालेच इचारा."

आमच्या घरीही तेच झाले होते. आमचे वडील ७४ वर्षांचे, जुनी सातवी पास. १९७२ च्या दुष्काळापासूनच्या हिशेबाच्या वह्या त्यांनी गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत. मागल्या वर्षी त्यांच्या फोनवर सरकारी योजनेच्या नावाने एक फाईल आली आणि त्यांनी ती दाबली. अशी फाईल म्हणजे भामट्यांनी बनवलेले ॲप असते. ते फोनमध्ये बसले की बँकेचे संदेश, ओटीपीसुद्धा, परस्पर चोराकडे जातात. खात्यातून अकरा हजार दोनशे रुपये गेले. वडिलांनी भीतीपोटी सहा दिवस सांगितलेच नाही, त्यामुळे १९३० या क्रमांकावर तक्रार करायला उशीर झाला. ही तक्रार पहिल्या काही तासांत केली तरच रक्कम अडवली जाण्याची आशा असते.

पैशाचे दुःख दोन महिन्यांत ओसरले. पण वडिलांनी फोनला हात लावणे सोडले आणि त्यासोबत वही लिहिणेही सोडले. "आता तूच पाय सारं," म्हणाले. हे आम्हाला जास्त लागले.

तेव्हा त्यांना मोठ्या अक्षरांचा, बसून वापरायचा, आणि असली फाईल ज्यावर चालणारच नाही असा संगणक द्यावा असे ठरले. संगणक हे पुण्या-मुंबईकडचे काम असे कोणी समजू नये. १९९१ साली तयार झालेला परम ८००० हा महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. दारव्ह्याहून आपली शकुंतला जिथवर जायची, तोच हा तालुका.

साखर कारखान्यांनाही हा विषय नवा नाही. १९९८ साली वारणा परिसरात, कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे सत्तर गावांत, सभासदांसाठी संगणक केंद्रे निघाली. योजना आखताना पुष्कळ मोठ्या गोष्टी मनात होत्या. पण शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः आपल्या उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन आणि बिल पाहायला. पुढे २००६ च्या सुमारास काही गावांत हेच काम साध्या फोनच्या संदेशावर करून पाहिले गेले, कारण संगणक सांभाळण्याचा खर्च जड जात होता. यावरून आम्ही इतकेच घेतले की, आधी माणसाला काय पाहायचे आहे ते विचारावे आणि मग यंत्र घ्यावे.

वडिलांना विचारले. सातबारा, पेपर, हवामान, उसाचा हिशेब, आणि पुण्याच्या नातीचे तोंड. यापलीकडे काही नाही. या कामांना नवा चाळीस हजारांचा संगणक लागत नाही.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक इंग्लंडात २०१२ साली ३५ डॉलरला निघाला. २०२० मध्ये कीबोर्डच्या पोटातच बसवलेला त्याचा एक प्रकार आला. वस्तू गोड आहे आणि वीज नावापुरती खाते. पण आपल्याकडे येईपर्यंत किंमत चढते, वर चार्जर, मेमरी कार्ड, डबी हे वेगळे. शिकणाऱ्या पोरांना तो जरूर द्यावा. वडिलांसाठी आम्ही तो सोडला.

आम्ही घेतला खोडवा. म्हणजे कचेरीतून निघालेला जुना संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार संपला, आणि २०१५-१६ च्या सुमाराचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून कंपन्या ते काढून टाकतात. यंत्र मात्र धडधाकट असते. खोडव्याला बेण्याचा आणि पूर्वमशागतीचा खर्च नसतो, पण बुडखे छाटावे लागतात, खत द्यावे लागते. इथेही तसेच आहे.

छाटायची वस्तू म्हणजे जुनी हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते, आणि जुना संगणक रेंगाळतो तो बहुधा तिच्यापायी. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी घातली. हिच्यात फिरणारे काही नसते. आधी सुरू व्हायला दोन मिनिटांवर लागत, आता वीसेक सेकंद. काम चार स्क्रूंचे आहे. रॅम ८ जीबी असलेलेच यंत्र पाहून घ्या, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. मागाहून घालू म्हणाल तर फसाल. प्रोसेसरवरून दुकानदार पुष्कळ बोलतो, ते ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

खर्च असा पडला : नागपूरहून आणलेला छोट्या पेटीचा संगणक ७,२०० रुपये, एसएसडी १,९००, जुना २२ इंची पडदा ३,२००, कीबोर्ड-माऊस ८५०, यूपीएस २,७५०, माईकसह कॅमेरा १,१५०, स्पीकर ३५०. एकूण १७,४००. पडद्यावर काटकसर करू नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना बावीस इंच आणि दीडपट केलेली अक्षरे म्हणजे दुसरा चष्माच.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातले. ते फुकट आणि कायदेशीर आहे, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसते. फोनसाठी बनवलेली ती चोरटी फाईल यावर चालत नाही. शिवाय नवे काही बसवायचे तर वेगळा पासवर्ड लागतो, तो आमच्याकडे ठेवला. रोजचा पासवर्ड मात्र वडिलांचा स्वतःचा. तो काय आहे हे आम्हाला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. बँकेचा व्यवहार या संगणकावर करायचा नाही असे दोघांनी मिळून ठरवले आहे, कारण खोटे पान दाखवून ओटीपी मागणारे इथेही भेटतात.

आता विजेचे. आपल्याकडचे व्होल्टेज सभासदांना माहीत आहे. मोटार जळते तिथे संगणक काय टिकणार! यूपीएस ही चैन समजू नये. संगणक आणि पडदा मिळून ४० वॅटच्या आसपास खातात, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस अर्धा तास सहज ओढतो. रोज तीन तास वापरला तरी महिन्याला चारही युनिट होत नाहीत. पण अर्थिंग नसेल तर सारे व्यर्थ. आम्ही न्हाणीमागे खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केले, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकतो. मागच्या बाजूच्या फटीही पाहाव्यात. उंदराला वायर फार आवडते.

इंटरनेटसाठी वेगळे कनेक्शन घेतले नाही. फोन केबलने जोडला की त्याचेच नेट संगणकाला मिळते.

मराठी टायपिंगची आम्हाला धास्ती होती. आम्ही इनस्क्रिप्ट लावले. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, म्हणजे बाराखडी पाठ असलेल्याला सोयीचे. कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. सुरुवातीला वडील म्हणाले, "मले कायले पाह्यजे हे डबडं? गेले तेवढे पैसे कमी झाले का?" आठ दिवस त्यावर टॉवेल झाकलेला होता. नवव्या दिवशी सातबारा पडद्यावर आणून दिला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो, नुसता पाहायला पैसे लागत नाहीत. आपले नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहून ते खुर्ची ओढून बसले. "अरे, पोटखराबा बी दाखवते हे!"

तीन आठवड्यांत ते सावकाश का होईना लिहू लागले. हिशेबाच्या तक्त्यात रांगा-रकाने पाहून म्हणाले, "हे तं आपल्या वहीसारखंच हाय." मग पहिला हिशेब त्यांनी आमच्याच कारखान्याच्या बिलाचा तपासायला घेतला. वजनाच्या पावत्या एकेक करून चढवल्या आणि दोन टनांचा फरक काढून आमच्यापुढे ठेवला. आमची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनाच सापडले की एक पावती दोनदा चढवली होती. फरक मिटला, पण तोवर त्यांनी मागल्या तीन हंगामांचीही बिले तपासून टाकली होती.

नातीशी बोलताना अजून कॅमेऱ्याऐवजी स्पीकरकडे तोंड करतात. पोरगी हसते.

ज्यांना ही जोडणी पाहायची असेल त्यांनी गट ऑफिसला निरोप ठेवावा, आम्ही घरी नेऊन दाखवू. संगणक घेऊन झाल्यावर एक करा : यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा बसवल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवा. आमच्याकडे ती वडिलांनी लिहिली आहे, तिथीसकट.