माळ्यावरचा वेताळ

कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना आईच्या पश्चात घराच्या माळ्यावर सुपरमॅनचा १९३९ सालचा पहिला अंक सापडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात त्याला ९१ लाख २० हजार डॉलर मिळाले, म्हणजे जवळपास ८० कोटी रुपये. तेव्हापासून निगडी प्राधिकरणातल्या ओळखीपाळखीच्या मंडळींचा मला एकच प्रश्न असतो : ‘तुमच्याकडच्या वेताळाच्या अंकांचे किती येतील हो?’ कोटी सोडा, लाखही येणार नाहीत. पण या प्रश्नामुळे आपले माळे डोळ्यांपुढे आले आणि जे पैशांपेक्षा जास्त मोलाचं होतं ते आपण किती सहज घालवलं, याची हळहळ पुन्हा वर आली.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, ते १९९० मध्ये बंद झालं. आठशेहून जास्त अंक निघाले. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ म्हणून आला, त्याच्या बेंगाला देशाचं डेंकाली झालं. मँड्रेक आणि लोथार होते, फ्लॅश गॉर्डन होता आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर होता, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा. सुपरमॅनवर जीव असणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की वेताळ त्याच्याहून वयाने मोठा आहे. १९३६ मध्ये तो अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही त्याची देणगी. पुढच्या कित्येक नायकांनी ती उचलली.

आमच्या पट्ट्यात हे अंक कसे फिरत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आकुर्डीत बजाज, पुढे टेल्को; राज्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं क्वार्टर्समध्ये आणि चाळींत शेजारी शेजारी. एकाने अंक विकत घ्यायचा आणि सगळ्या पोरांनी वाचायचा. वडील रात्रपाळी करून झोपलेले असत, त्यामुळे दुपारी घरात दंगा करायची सोय नसे. मग जिन्यात बसून वाचन चाले. माझ्याकडच्या एका मराठी अंकावर तीन मुलांची नावं आहेत, तीन वेगळ्या शायांत. एकाच्या खाली बिल्डिंगचा नंबर, शेवटच्या पानावर हातच्याच्या वजाबाक्या. मुखपृष्ठ सुटलं तेव्हा कुणीतरी ते खाकी कागदाची पट्टी लावून डिंकाने चिकटवलं आहे. संग्राहकांच्या बाजारात असला अंक ‘खराब’ ठरतो. मला मात्र कोऱ्या अंकापेक्षा तोच हवा.

हे अंक गेले कुठे? निम्मे कागदानेच खाल्ले. स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यात लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते आम्ल कागदाचे तंतू तोडतं. मग कडा बिस्किटासारख्या मोडतात. त्यात आपला पावसाळा. मधली पिन गंजते, गंज मधल्या जोडपानाला भोक पाडतो, उरलेलं कसर आणि वाळवी बघतात. कॅलिफोर्नियातला अंक तिथल्या थंड हवेमुळे टिकला, असं लिलाव करणाऱ्यांनीच सांगितलंय. आपल्याकडे पत्र्याखालचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि जुलैत ओल. बाकीचे अंक आपण किलोवर घातले. घर बदललं, मुलगा इंजिनिअर झाला, दिवाळीची साफसफाई आली. रद्दीवाल्याची हातगाडी दारात उभीच होती. रद्दीचा लगदा होतो, लगद्याची खोकी होतात आणि चाकणच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग त्याच जातीच्या खोक्यांतून बाहेर पडतात.

मला जास्त बोलायचंय ते एका माणसाबद्दल. चित्रकार प्रताप मुळीक हे पुण्याचे. जलरंगांतले मिलिंद मुळीक घराघरांत माहीत आहेत. प्रताप मुळीक त्यांचे वडील. अमर चित्रकथेसाठी त्यांनी पुष्कळ काम केलं. पण १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला, तेव्हा परशुराम शर्मांच्या कथेतल्या त्या हिरव्या अंगाच्या, मनगटातून साप सोडणाऱ्या नायकाला शरीर दिलं ते मुळीकांनी. हिंदी पट्ट्यात नागराज आजही दैवत आहे. चाकण-भोसरीत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या चाळिशीतल्या कुणालाही विचारा, चेहरा खुलतो. तो नायक पुण्याच्या हातून उतरला, हे मात्र त्यालाही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही.

त्याआधीचा सुप्रीमो तर पुरता विसरला गेला. ऐंशीच्या दशकात, अमिताभ बच्चन ऐन भरात असताना, इंडिया बुक हाउसने त्यालाच नायक करून स्टार कॉमिक्स काढलं. संपादन पम्मी बक्षींचं, संहितांना गुलजारांचं मार्गदर्शन आणि चित्रं मुळीकांची. गुलाबी पोशाख, काळा गॉगल, सोबत ससाणा. पडद्यावरचा माणूस चित्रात ओळखू यायला हवा आणि तरी तो अतिमानव वाटायला हवा, हे दुहेरी काम होतं. मुळीकांनी ते शरीरशास्त्राच्या पक्क्या अभ्यासावर पेललं. उडी मारताना त्यांच्या नायकाच्या खांद्यात आणि कमरेत वजन दिसतं. तो दोरीने टांगलेला वाटत नाही. दोनेक वर्षांत सगळं आटोपलं. जेरी सीगल आणि जो शूस्टर या सुपरमॅनच्या जनकांनी त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले, ही गोष्ट जगाला तोंडपाठ आहे. आपल्या चित्रकारांची साधी सूचीही आपण केलेली नाही, याचा मला राग येतो. पुण्यात मुळीकांच्या कॉमिक्सच्या पानांचं कायमचं दालन असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

माझ्या पाहण्यात इंग्रजी इंद्रजालला गिऱ्हाईक मिळतं, हिंदीलाही मिळतं. मराठी अंक दिसतच नाहीत. म्हणून माळ्यावर गठ्ठा निघालाच, तर आधी भाव विचारू नका. गंजलेली पिन हलक्या हाताने काढा. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पाझरून अक्षरं खातो. लॅमिनेशन तर नकोच. आम्लविरहित कागदात गुंडाळून अंक सपाट, आडवे ठेवा, तेही माळ्यावर नव्हे तर घरातल्या कोरड्या कपाटात. आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या एका वाचनालयात एक लोखंडी कपाट आणि एक स्कॅनर एवढीच सोय करावी. पहिला गठ्ठा मी माझा देईन, तीन नावांच्या त्या अंकासकट.