घरातला समुद्र आणि खारेपणाचं माप

बे एरियातल्या मराठी घरांत माशांची टाकी ही काही नवलाई राहिलेली नाही. गप्पी आणि गोल्डफिशवरून मुलांचं मन एकदा 'निमो'वर, म्हणजे क्लाऊनफिशवर गेलं, की मात्र घरात समुद्र आणावा लागतो. मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियमला शेजारच्या उपसागरातून पाणी खेचता येतं; आपल्याला ते बादलीत मीठ कालवून बनवावं लागतं. मग पहिलाच प्रश्न येतो : पाणी पुरेसं खारं झालं, हे कशानं मोजायचं? आमच्या सांता क्लाराच्या घरी तीन वर्षं अशी टाकी आहे, आणि हा प्रश्न विचारणारे फोन मला अधूनमधून येत असतात.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ७५ लिटरच्या टाकीत अडीच किलोहून थोडं जास्त मीठ. हे मीठ दुकानात मिळणारं खास समुद्री मिश्रण असतं, डब्यातलं आयोडीनचं मीठ नव्हे. पण एकदा मोजून भागत नाही. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ७५ लिटरमधलं साडेसात लिटर उडालं, तर ३५ चा आकडा जवळजवळ ३९ वर जातो. मासे असा चढउतार काही काळ सोसतात, कारण जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकायची सोय त्यांच्या शरीरात असते. कोळंबी आणि प्रवाळांना ती जवळपास नाही. त्यामुळे आधी जातात ती तीच.

खारेपणा मोजायच्या तीन रीती आहेत, आणि मजा म्हणजे तिन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिला हायड्रोमीटर. डेअरीत दूध तपासायचा लॅक्टोमीटर आठवा, हा त्याचाच भाऊ. पाणी जितकं खारं तितकं जड, आणि नळी तितकी वर तरंगते. ३५ ला आकडा साधारण १.०२६ येतो. काट्याचा प्लॅस्टिकचा प्रकार सगळ्यात स्वस्त. पण काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. उलट, त्यावर मिठाचा थर बसला की काटा जड होतो आणि पाणी कमी खारं दिसतं. दर वेळी गोड्या पाण्यानं धुणं आलंच.

दुसरा रिफ्रॅक्टोमीटर. माझे सासरे तासगावकडचे. ते इथे सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा कपाटातली ती लहान दुर्बिणीसारखी नळी पाहून म्हणाले, "सूनबाई, हे तर आपलं ब्रिक्स मीटरच की!" खरंच आहे. द्राक्षाच्या रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघायचं आणि गोडी वाचायची. इथे रसाऐवजी टाकीतल्या पाण्याचा थेंब. क्षार वाढले की प्रकाश जास्त वळतो, एवढंच तत्त्व. घेताना मात्र एक बघा : काही नळ्यांवरची मोजपट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. अशी नळी शुद्ध पाण्यावर शून्याला लावली, तर खऱ्या ३५ ला ती ३६.५ च्या आसपास दाखवते. म्हणून ३५ चं तयार प्रमाणित द्रावण आणून त्यावरच ती जुळवावी.

तिसरा डिजिटल. यातले बहुतेक पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. फिल्टर विकायला येणारा माणूस पाण्यात बुडवून दाखवायचा, तो टीडीएस पेन याच तत्त्वावरचा. हाना कंपनीचा पेनसारखा मीटर या जातीचा. मिलवॉकीचा डिजिटल मीटर मात्र प्रकाशाचं वळणंच मोजतो. पाणी तापलं की त्यातून वीज जास्त वाहते, दर अंशाला साधारण दोन टक्के, म्हणून मीटरमध्ये तापमानाचा संवेदकही असतो. सागरशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ठरवलेली खारेपणाची मोजपट्टीही विद्युतवाहकतेवरच बेतलेली आहे. तेव्हा हे काही नुसतं खेळणं नव्हे.

मग घ्यावं काय? आपल्यासारख्यांनी अचूकतेच्या आधी विचारावं : आपण नसताना हे कोण वाचणार? डिसेंबरात महिनाभर भारतात गेलो, तेव्हा टाकी शेजारच्या शाळकरी मुलाकडे सोपवली होती. नळीतली निळी-पांढरी रेघ वाचायला त्याला शिकवण्यापेक्षा मीटरवरच्या आकड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणं सोपं पडलं. आकडा वर गेला की मीठ न घालता आरओचं गोडं पाणी ओतायचं, एवढंच त्याला पक्कं सांगितलं होतं. मोतीबिंदू झालेल्या वडीलधाऱ्यांनाही मोठा आकडाच बरा.

पण डिजिटलचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. त्याची टोकं माखली, बॅटरी उतरत आली, तरी तो दशांश चिन्हासकट आकडा दाखवत राहतो. वर्गात हात सर्वांत आधी वर करणाऱ्याचं उत्तर बरोबरच असतं असं नाही, हे मी शिकवत असताना रोज पाहिलं आहे.

म्हणून माझं मत असं : नुसते दोन क्लाऊनफिश असतील, तर चांगला रिफ्रॅक्टोमीटर आणि प्रमाणित द्रावणाची बाटली पुरे. प्रवाळ, कोळंबी असतील किंवा घर वरचेवर बंद राहत असेल, तर डिजिटल घ्या. मात्र जुनी नळी टाकून देऊ नका. महिन्यातून एकदा दोघांना एकाच पाण्यात बुडवून विचारा. दोघांचं जमलं तर निश्चिंत, नाही जमलं तर बाटलीतलं द्रावण निवाडा करेल. मीठ किंवा पाणी ओतायचं ते त्यानंतरच, आणि तेही हळूहळू.