काउबॉय खेळासाठी पहिली रायफल

अमेरिकेतल्या कित्येक गावांबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर सुट्टीच्या दिवशी एकोणिसावं शतक उतरतं. रुंद कडांच्या टोप्या, कमरेला चामडी पट्टे, बायकांचे पायघोळ झगे, आणि प्रत्येकाच्या छातीवर खऱ्या नावाऐवजी स्वतः निवडलेलं टोपणनाव. हा काउबॉय ॲक्शन शूटिंग नावाचा खेळ. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही नेमबाजांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो हौसेपोटी सुरू केला आणि १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संघटना उभी राहिली. टोपणनाव आणि पोशाख तिथे नियमातच बसवलेले आहेत. हत्यारंही त्या काळातली किंवा त्या घडणीची लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि एक रायफल, बहुधा लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालची लिव्हर फिरवून पुढचं काडतूस भरणारी. बझर वाजला की घड्याळ सुरू. समोर पोलादी पत्रे मांडलेले. रायफलचे सहसा १० बार, प्रत्येक रिव्हॉल्व्हरचे ५. गोळी लागली की पत्रा ठणकतो, चुकली की एकूण वेळेत ५ सेकंद वाढतात.

मोठ्यांच्या सामन्यात रायफल .३८ किंवा .४५ अशा जाड काडतुसांची लागते. पण १३ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी संघटनेने 'बकारू' हा वेगळा गट ठेवला आहे, आणि त्यात .२२, म्हणजे आपल्याकडे एनसीसीची मुलं जिला पॉइंट टू-टू म्हणतात, ती रायफल चालते. काही स्थानिक क्लब नवख्या मोठ्या माणसांनाही सुरुवातीला .२२ वापरू देतात. सरावासाठी ती घेणारे अनुभवी नेमबाजही खूप आहेत, कारण काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही आणि आवाज कमी. प्रश्न उरतो तो कोणती घ्यायची हा. माझं मत आधीच सांगतो: ही रायफल दिसण्यावरून किंवा किती काडतुसं मावतात यावरून निवडू नये. ज्याच्या हातात ती जाणार आहे त्याला तिची लिव्हर प्रत्येक वेळी शेवटपर्यंत फिरवता येते का, एवढंच आधी बघावं.

.२२ ही खऱ्या रायफलची खेळण्यातली आवृत्ती आहे असं समजणारे अनेक जण भेटतात. इतिहास तसं सांगत नाही. १८५७ साली आपल्याकडे बराकपूर ते मेरठ शिपाई खवळले होते ते एनफिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसावरून. ते दातांनी फोडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने एक छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याच्या .२२ काडतुसात गोळी, दारू आणि पेट घेणारा मसाला हे तिन्ही एकाच धातूच्या पुंगळीत बंद होतं. मसाला भरला होता बुडाच्या बाहेर आलेल्या पोकळ कडेत. घोड्याचा मार त्या कडेवर कुठेही बसला की मसाला पेटतो, म्हणून हे रिमफायर काडतूस. फोडणं नाही, ठासणं नाही, ओली हवा लागून दारू सादळण्याची भीती फारशी नाही.

पुढची उडी तीन वर्षांत पडली. बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये लिव्हर-ॲक्शन रायफलचं पेटंट घेतलं. तिच्यात .४४ची १६ रिमफायर काडतुसं मावत. हेन्री ज्याच्याकडे काम करायचा त्या ऑलिव्हर विंचेस्टरने १८६६ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती काढली. हेन्रीच्या रायफलला काडतुसं नळीच्या तोंडाकडून भरावी लागत आणि मॅगझिनला खालून उघडी फट असल्याने आत माती जाई. नव्या रायफलला बाजूने काडतूस सरकवायची खिडकी आली. पिवळ्या चकाकत्या धातूच्या अंगामुळे तिला 'यलो बॉय' म्हणू लागले. तीही रिमफायरच. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीच्या काठच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या घोडदळाकडे एकेक बार काढणाऱ्या स्प्रिंगफिल्ड कार्बाइन होत्या आणि समोरच्या लाकोटा-शायेन योद्ध्यांपैकी बऱ्याच जणांकडे या हेन्री आणि विंचेस्टर. १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी ते रणांगण उकरलं तेव्हा .४४ रिमफायरच्या पुंगळ्या मातीतून निघाल्या. म्हणजे पश्चिमेची दंतकथा ज्या रायफलींनी घडवली त्यांतल्या पहिल्या दोन रिमफायर होत्या.

मग रिमफायर मागे का पडलं? घोड्याच्या मारानं कडा चेपली पाहिजे, म्हणून पुंगळीचा पत्रा पातळच ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्याला दारूचा जास्त दाब सोसत नाही. मोठी काडतुसं सेंटरफायरकडे वळली. त्यांत मसाल्याची वेगळी टोपी बुडाच्या मध्यभागी बसते आणि उडालेली पुंगळी पुन्हा भरता येते. विंचेस्टरची १८७३ची प्रसिद्ध रायफल याच वळणावरची. मात्र त्याच कंपनीने १८८४ पासून १९०४ पर्यंत हीच ७३ची रायफल .२२ मध्येही विकली, आणि बफेलो बिलच्या तमाशात पत्ते आणि काचेचे गोळे उडवणारी ॲनी ओकली मार्लिनची १८९१ची .२२ वापरत असे. आजचं .२२ लाँग रायफल काडतूस १८८७चं. हेच काडतूस ५० मीटर रायफल या स्पर्धाप्रकारात वापरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला त्यावरच जागतिक विजेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. त्यांची रायफल जड, एका वेळी एकच काडतूस घेणारी, आणि तिथे कस लागतो तो श्वास रोखून धीर धरण्याचा. काउबॉय खेळात कस लागतो हाताच्या लयीचा. काडतूस मात्र तेच.

ही लय कशी असते ते नीट समजून घ्यायला हवं. लिव्हर खाली-पुढे ढकलली की रिकामी पुंगळी ओढली जाऊन बाहेर फेकली जाते आणि घोडा मागे जाऊन चढतो. लिव्हर परत वर आणली की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत बसतं. घाईत हात पाऊण अंतरावरून परत फिरला, तर पुंगळी बाहेर पडत नाही किंवा नवं काडतूस अर्धवट वर येऊन अडकतं. याला तिथले नेमबाज शॉर्ट-स्ट्रोक म्हणतात, आणि नवख्यांच्या अडचणींचं हे सर्वांत मोठं मूळ आहे. नेम चुकला तर ५ सेकंद जातात. रायफल अडकली तर तेवढा वेळ नुसतं काय झालं ते कळण्यात जातो, आणि मूल असेल तर ते घाबरून नळीची दिशा विसरू शकतं. म्हणून लिव्हरचा मार्ग मोकळा, हलका आणि ठळक शेवट असलेला हवा. लिव्हर टोकाला पोचली हे हाताला स्पष्ट जाणवलं पाहिजे.

या कसोटीवर हेन्री कंपनीची एच-००१ मला सर्वांत पुढे वाटते. आजच्या या कंपनीचा जुन्या हेन्रीशी फक्त नावाचा संबंध आहे. ती १९९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि हीच तिची पहिली रायफल. वजन साधारण २.४ किलो, १५ काडतुसं, आणि लिव्हर नवी असतानाच अशी सरळ फिरते की मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. अंगाचं बाहेरचं कवच रंगवलेल्या मिश्रधातूचं आहे, पोलादाचा खानदानी रुबाब त्यात नाही. पण मुलांसाठी तिची एक आखूड आवृत्ती मिळते. वजन सुमारे २ किलो, दस्त्यापासून चापापर्यंतचं अंतर १३ इंच. नेहमीच्या रायफलला ते १४ इंच असतं. एका इंचाने काय होतं असं वाटेल, पण दहा वर्षांच्या मुलीच्या हातात दोन्ही देऊन पाहावं. लांब दस्त्याची रायफल घेतली की ती कंबर मागे टाकून उभी राहते, लिव्हरपर्यंत हात जेमतेम पोचतो आणि अर्धवट झटका तिथेच जन्माला येतो. मुलं वाढतात म्हणून कपडे मोठ्या मापाचे घेण्याची आपली सवय इथे लावू नये.

त्याच कंपनीची गोल्डन बॉय ही दुकानात सगळ्यांची नजर ओढून घेते. पिवळंधमक अंग, आठ कोनी २० इंची नळी, थेट १८६६च्या विंचेस्टरची आठवण. अंगाचा तो पिवळेपणा मात्र मिश्रधातूवरच्या मुलाम्याचा आहे. वजन ३ किलोच्या वर आणि तेही पुढच्या टोकाकडे झुकलेलं. लहान मुलाला दहा बारांत हात खाली येतो. मोठ्या माणसासाठी हाच तिचा गुण ठरतो, कारण १८७३ची जड रायफल एका पत्र्यावरून दुसऱ्यावर नेताना जी स्थिर गती लागते, तिच्या सर्वांत जवळचा सराव या रायफलवर होतो.

मार्लिनची ३९-ए मिळाली तर ती हातातून सोडू नये, पण मिळणं कठीण. ॲनी ओकलीच्या १८९१च्या रायफलची ही थेट वंशज. पोलादी अंग, अक्रोडाचा दस्ता, २४ इंची नळी, १९ काडतुसं. बाजूचा एक मोठा स्क्रू हाताने फिरवला की रायफलचे दोन तुकडे होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. ही सोय इतर लिव्हर रायफलींत फार थोड्यांना आहे. मार्लिन कंपनी आधी रेमिंग्टनकडे गेली आणि रेमिंग्टनचं दिवाळं निघाल्यावर २०२० मध्ये रुगरने ती घेतली. या उलाढालीत ३९-ए मागे पडली, त्यामुळे ती शोधायची तर जुन्या बाजारात. तिथे घेताना लिव्हर सावकाश आणि मग जोरात, दोन्ही प्रकारे फिरवून पाहावी.

ब्राउनिंगची बीएल-२२ जपानच्या मिरोकू कारखान्यात बनते आणि घडणीत सर्वांत देखणी आहे. तिची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि चापही लिव्हरबरोबर खाली जातो, त्यामुळे बोट चेपत नाही. वेगासाठी हे आदर्श वाटतं. तरीही पुढे १८७३ची रायफल चालवायची असेल त्या माणसाला मी ती सरावासाठी सुचवणार नाही. हाताला आखूड फेऱ्याची सवय लागते आणि लांब फेऱ्याच्या रायफलवर तोच हात अर्ध्यावरून परत येतो. ज्यांनी आपल्या ७३मध्ये आखूड फेऱ्याचे भाग बसवून घेतले आहेत, त्यांच्यासाठी हा आक्षेप बराच सौम्य होतो.

एक गोष्ट सिनेमाने रुजवलेली. 'स्टेजकोच' या १९३९च्या चित्रपटात जॉन वेन लिव्हरला मोठं कडं असलेली विंचेस्टर एका हाताने गरकन फिरवतो. ती रायफल १८९२च्या घडणीची आणि कथा त्याच्या आधीच्या काळातली, पण त्या कड्याची मोहिनी आजही टिकून आहे आणि .२२ रायफलीही तशा कड्यासह मिळतात. जाड हातमोजे घालणाऱ्याला ते उपयोगी पडतं. एरवी बोटं कड्यात सैल फिरतात आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी हालचाल वाया जाते. साधं कडं घ्यावं आणि हवं तर त्यावर मऊ चामडं गुंडाळावं.

काडतुसं किती मावतात हा निकष मी बाजूलाच ठेवतो. एका फेरीत १० बार काढायचे असतात आणि वरच्या सगळ्या रायफलींत त्याहून जास्त मावतात. मॅग्नम .२२चीही गरज नाही. ती महाग आहे आणि साध्या .२२ काडतुसांसाठी तिची रायफल वापरता येत नाही. साधं ४० ग्रेनचं गोल टोकाचं काडतूस घ्यावं, तीन-चार कंपन्यांच्या छोट्या पेट्या आणून आपल्या रायफलला कोणतं मानवतं ते पाहावं. कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसला तर रिमफायर फुसकं निघू शकतं, आणि हे सेंटरफायरपेक्षा जास्त वेळा होतं. असा बार निघाला नाही की लगेच लिव्हर फिरवायची नाही. नळी पत्र्यांच्या दिशेलाच ठेवून थोडं थांबायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

भरण्याची पद्धतही शिकवण्यासारखी आहे. बहुतेक .२२ लिव्हर रायफलींत नळीखालच्या मॅगझिनमधून पितळी दांडी वर ओढायची आणि मधल्या खाचेतून काडतुसं सोडायची. खाच नळीच्या तोंडाजवळ असते, म्हणून हात तोंडासमोर जाणार नाही असा बाजूनेच न्यायचा. सामन्यात हे काम ठरलेल्या टेबलावर, देखरेखीखाली होतं. रायफल ठेवताना नळी रिकामी आणि घोडा खाली, फेरी झाल्यावर लिव्हर उघडी. मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून राहू शकतं, म्हणून दांडी काढून लिव्हर अनेकदा फिरवायची, डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. घरी कोरडा सराव करताना प्लास्टिकचं खोटं काडतूस वापरावं. रिकाम्या नळीवर मार बसत राहिला तर काही रायफलींत काडतुसावर मार देणारी सुई नळीच्या काठावर आदळून तो काठ खराब होतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना एवढं सांगायचं आहे. परवानाधारक दुकानदाराकडून रायफल घ्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात आणि राज्याराज्यांचे कायदे त्याहून कडक असू शकतात, म्हणून रायफल तुमच्या नावावर आणि कुलूपबंद कपाटात असेल. .२२ची छोटी गोळी मोकळ्या रानात मैलाच्या पलीकडे जाऊ शकते, तेव्हा परसदार ही सरावाची जागा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी आखूड दस्त्याची एच-००१ घ्या, स्वतःच्या सरावासाठी गोल्डन बॉय. पैसे देण्याआधी मुलाला घेऊन जवळच्या क्लबचा एक सामना बघून या आणि परवानगी मिळाली तर तिथल्याच एखाद्या रायफलची लिव्हर त्याला फिरवून पाहू द्या. जाताना डोळ्यांचा संरक्षक चष्मा आणि कानांचे बोळे न्यायला विसरू नका. चष्मा तर प्रेक्षकांनाही सक्तीचा असतो.