विश्रांतीने न शमणारी कंबरदुखी

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे तामिळनाडूतील मंदिरांचे नगर. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे मराठी भाषकांचे या परिसराशी जुने नाते आहे. पुढे बडोदा संस्थानचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच झाला. या नगराच्या पंचक्रोशीत बैठ्या कलांची परंपरा आहे. स्वामीमलईचे मूर्तिकार मेणाच्या प्रतिमेवर वाकून काम करतात, तिरुभुवनमचे विणकर रेशमी साड्यांच्या मागावर बसतात, तर नाचियारकोविलचे कारागीर पितळी समया घडवतात. अशा कामांत पाठ दुखू लागली की 'बसून बसून दुखते, विश्रांती घ्या' असा सल्ला मिळणे स्वाभाविक आहे. बँकेत संगणकासमोर बसणाऱ्यांनाही तोच सल्ला मिळतो. बहुतेकांच्या बाबतीत दुखण्याचे कारण कामच असते. परंतु काही तरुणांचे दुखणे निराळे असते आणि त्यांना केवळ विश्रांतीने आराम पडत नाही.

हा विकार म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, अर्थात मणक्यांचा दाहजन्य संधिवात. तो बहुधा वयाच्या विशीत वा तिशीत, हळूहळू सुरू होतो. दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. उत्तररात्री वेदनेने जाग येते, सकाळी अर्धा तास वा त्याहून अधिक वेळ पाठ आखडलेली असते आणि हालचाल सुरू केली की ती मोकळी होते. कामाच्या ताणाने दुखणारी पाठ सहसा विश्रांतीने सुखावते. ही मात्र विश्रांतीने अधिक आखडते. नेमका हा फरक लक्षात न आल्याने अनेकांचे निदान कित्येक वर्षे लांबते.

या विकारात शरीराची संरक्षणयंत्रणाच माकडहाडाजवळच्या आणि मणक्यांच्या सांध्यांत दाह निर्माण करते. पुढे तेथे नवे हाड तयार होऊन काही रुग्णांचे मणके एकमेकांशी जुळतात, कणा पुढे वाकतो आणि छाती पुरेशी फुगत नाही. एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला त्याचा संबंध १९७३ साली उघड झाला. मात्र हे जनुक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा विकार कधीच होत नाही. डोळा लाल होऊन दुखणे हेही त्याचे एक लक्षण असू शकते.

औषधोपचारांत दाहशामक गोळ्या आणि गरजेनुसार जैविक औषधे येतात. पण नियमित व्यायामाला पर्याय नाही. गोळी वेदना कमी करते, व्यायाम कण्याची लवचिकता आणि ताठपणा राखतो. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम, दीर्घ श्वसन, पोहणे आणि चालणे उपयुक्त ठरते. रोज थोडा वेळ पोटावर झोपणे आणि उशी पातळ ठेवणे हितकर. भिंतीला टाचा व पाठ टेकून डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का, हे अधूनमधून पाहिल्यास कण्यातील बदल लवकर ध्यानात येतो. सकाळी गरम पाण्याने स्नान केले की आखडलेपणा ओसरतो आणि व्यायाम सुकर होतो. धूम्रपान मात्र पूर्णपणे सोडावे, कारण ते हा विकार बळावण्यास हातभार लावते.

कुंभकोणमच्या रहिवाशांना फिरण्यासाठी महामहम तलावासारखे ठिकाण लाभले आहे. काठावर १६ मंडप असलेल्या या तलावावर दर १२ वर्षांनी मोठा उत्सव भरतो. यापूर्वीचा २०१६ साली झाला. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी तेथे फेरी मारणे सोयीचे.

काही पथ्ये आवश्यक आहेत. जुळलेला कणा ठिसूळ असू शकतो. म्हणून मान वा पाठ 'कडकडून मोकळी' करणारी मालीश, जोरकस झटके आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. आसने निवडतानाही तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दाह वाढला असता व्यायाम सौम्य करावा, पूर्णपणे सोडू नये.

कार्यालयात दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणे प्रत्येकालाच लाभदायक आहे. विश्रांतीने न थांबणारी, तीन महिने टिकलेली कंबरदुखी असेल तर मात्र संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. वेळीच निदान आणि दररोजची थोडी हालचाल ही कण्यासाठी केलेली दीर्घ मुदतीची बचत आहे. तिची सुरुवात जितकी लवकर, तितका तिचा परतावा मोठा.