जुने कागद, घरबसल्या (भाग ६) : रायगड रंगमंचावर आणताना

गेल्या आठवड्यात आपण सभासद बखर पाहिली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर वीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. बत्तीस मण सोन्याचं सिंहासन तिच्यातलंच. पण पुलगावच्या एखाद्या शाळेला राज्याभिषेकाचा प्रवेश बसवायचा असेल, तर त्या दिवशी रायगडावर हजर असलेल्या माणसालाही विचारायला हवं.

तो माणूस म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई मिळवणं आणि व्यापाराचा करार करणं, ही त्याची कामं. दरबारात नारायण शेणवी या दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा शिवाजी महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावून घेतलं. ऑक्झिंडनने बारकाईने पाहिलं : सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचं प्रतीक म्हणून समतोल सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती उभे होते; एवढ्या अवघड वाटेने ते वर आले कसे, याचं त्याला नवल वाटलं. नेपथ्य करणाऱ्याला आणखी काय हवं?

ऑक्झिंडनने लिहिलेला हा मजकूर पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या ग्रंथात छापला. पुलगावहून पुण्या-मुंबईची दफ्तरं गाठणं सगळ्यांना परवडत नाही. हा ग्रंथ मात्र इंटरनेट आर्काइव्हवर मोबाइलवरही वाचता येतो. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याचं १६९८ साली लंडनला छापलेलं प्रवासवर्णनही तिथे आहे. शोधताना इंग्रजांची रूपं वापरा : महाराजांसाठी ‘सेवाजी’, रायगडासाठी ‘रायरी’. जुन्या छपाईतला ‘एस’ बऱ्याचदा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे संगणकाला शब्द सापडला नाही तरी पानं स्वतः चाळा.

तारखा जपून घ्या. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी दिनगणना पाळत. राज्याभिषेकाचा दिवस, ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, हा त्यांचा ६ जून १६७४. आजच्या गणनेने तो १६ जून. शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या लुटीच्या कागदांवर १६६३ दिसलं, तर गोंधळू नका.

आणि प्रत्येक उताऱ्याला विचारा : कोणी लिहिलं, कोणासाठी, कशाच्या अपेक्षेने? ऑक्झिंडनला करार हवा होता, म्हणून दरबारात मान कसा मिळाला हे त्याने नीट टिपलं. मंत्रोच्चार आणि विधींसाठी तो आपल्या कामाचा नाही. तिथे सभासदाकडेच वळावं लागतं. दोघांचं जिथे जुळतं ते निर्धास्त रंगमंचावर आणा. जिथे जुळत नाही, तिथे कोणाचं आणि का घेतलं, हे मुलांना तालमीतच सांगा. तालमीतला तो प्रश्न त्यांना पाठ केलेल्या संवादांपेक्षा जास्त इतिहास शिकवेल.

पुढच्या आठवड्यात : मोडी कागद वाचायला सुरुवात कुठून करावी?