दोन गाठी आणि एक ससा

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने लागलेल्या अध्यापकाचा दिवस कसा जातो, ठाऊक आहे? सकाळी व्याख्यान, मग प्रात्यक्षिक, मग तपासायच्या स्लाइडचा ढीग, मधेच एखादं शवविच्छेदन. परीक्षा आल्या की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आणि या सगळ्यातून जो वेळ उरेल, त्यात त्याने म्हणे संशोधन करायचं! बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून बरेच जण हाताला लागेल त्या विषयावर लिहून मोकळे होतात. एक निबंध यकृतावर, दुसरा थायरॉइडवर, तिसरा कुठल्याशा दुर्मिळ गाठीवर. निबंधांची संख्या भरते. संशोधनाचा संसार काही मांडला जात नाही.

मग तो मांडतात कसा? मला माहीत असलेलं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण कलकत्त्याचं आहे. त्यात मुख्य सामग्री होती ससा, दोरा आणि सिरिंज.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. कलकत्त्यात डॉक्टर झाल्यावर ते लंडनला सर रॉय कॅमेरॉन या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाकडे गेले आणि १९४९मध्ये पीएच.डी. घेऊन परतले. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. परदेशातून आलेला तरुण साधारणपणे काय करतो? तिथे केलेलं कामच इथे तुटपुंज्या साधनांनिशी पुढे रेटतो, आणि साधनं नाहीत म्हणून कुढत बसतो. डे यांनी आजूबाजूला पाहिलं. लंडनला जे नव्हतं आणि कलकत्त्यात मुबलक होतं, असं काय होतं?

पटकी. म्हणजे कॉलरा.

आपल्याकडे या रोगाचा धसका इतका जुना की गावोगाव वेशीवर मरीआई बसली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपायचा. भाताच्या पेजेसारखे जुलाब, रोग टिपेला असताना तासाला लिटरभर पाणी अंगातून जातं. डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते, रक्त घट्ट होतं. हे एवढं पाणी येतं कुठून?

गंमत अशी की गुन्हेगार केव्हाच सापडला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये कलकत्त्यातच पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा करून दाखवला. हा जंतू विष सोडत असावा, असा कयासही त्यांनी मांडला. पण पुढची पाऊणशे वर्षं ते विष कोणाच्या हाती लागलं नाही. का? कारण मोठी माणसं चुकीच्या जागी शोधत होती. जंतू मेला की त्याच्या अंगातलं विष बाहेर पडतं, असं मत रूढ झालं होतं. मग जंतू प्राण्यांच्या शिरेत टोचा, पोटाच्या पोकळीत टोचा. प्राणी मरायचे, पण त्यांना जुलाब व्हायचे नाहीत. आता सांगा, जुलाबच झाले नाहीत तर ती पटकी कसली? इतकी वर्षं अभ्यास चालला होता तो भलत्याच आजाराचा.

डे यांनी विचारलेला प्रश्न एखाद्या शाळकरी पोराने विचारावा इतका साधा होता: रोग आतड्यात होतो, तर जंतू आतड्यातच का सोडू नये? मोठ्या सशाला जंतू पाजून पटकी होत नाही, ही अडचण होतीच. त्यावर त्यांनी तोडगा काढला. सशाला भूल देऊन पोट उघडायचं, लहान आतड्याच्या काही इंचांच्या तुकड्याला दोन्ही टोकांना दोऱ्याने गाठी मारायच्या, मधल्या बंद कप्प्यात सुईने जंतू सोडायचे, पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पाहायचं.

दुसऱ्या दिवशी तो कप्पा टम्म फुगलेला असे. आत काय? पटकीच्या रोग्याला होतं तसंच पेजेसारखं पाणी!

क्षणभर थांबून या युक्तीकडे पाहा. माणसाचा एवढा भयंकर रोग, आणि तो दोन गाठींच्या मधे पकडला गेला. पाणी किती जमलं ते मोजता येतं. एकाच सशात शेजारच्या कप्प्यात निरुपद्रवी द्रव भरून तुलना करता येते. महागडं यंत्र एकही नाही. डी. एन. चॅटर्जी यांच्यासह हे काम १९५३मध्ये छापून आलं. असा प्रयोग दोघा संशोधकांनी १९१५मध्येच करून पाहिला होता, म्हणजे डे जन्मले त्याच वर्षी! पण तो कोणी मनावर घेतला नाही, पुढेही नेला नाही. युक्ती सुचणं वेगळं आणि तिच्यावर संसार मांडणं वेगळं, ते असं.

कारण खरी कमाल इथून पुढे आहे. डे यांच्या हातात आता स्वतःचं एक हत्यार होतं. पटकीचे जंतू फुगवतात ते कळलं. मग इतर जुलाबांचं काय? १९५६मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेले ई. कोलाय जंतू त्याच कप्प्यात सोडले. काहींनी तोही फुगवला. आपल्या आतड्यात एरवी सुखाने नांदणाऱ्या जंतूच्या काही जाती जुलाब घडवतात, हे त्याच दोऱ्याने दाखवलं.

आणि मग तो घाव. जंतू द्रवात वाढवायचे, आणि तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळायचा की एकही जंतू पलीकडे जाऊ नये. उरलेलं निर्जंतुक पाणी कप्प्यात सोडायचं. कप्पा फुगला! आत जंतू नाहीत, तरी पटकी आहे. म्हणजे करामत जंतूने बाहेर सोडलेल्या विषाची. कॉख यांचा कयास ७५ वर्षांनी खरा ठरला. १९५९मध्ये 'नेचर'मध्ये हा जेमतेम दोन पानांचा निबंध आला, त्यावर नाव एकट्या डे यांचं. तोवर ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात आले होते.

मुंबईकरांनी इथे कान टवकारावेत. त्याच १९५९मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी हे वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला आले. त्यांनी सशाची लहान पिल्लं वापरली आणि जिवंत जंतूंशिवाय, नुसत्या अर्काने त्यांना जुलाब होतात हे दाखवलं. एकाच वर्षी दोन भारतीय शहरांत!

पण हे विष करतं तरी काय? पाचजणांचं कडं आणि त्यावर एक सुटा तुकडा, अशी त्याची रचना. कडं आतड्याच्या पेशीला चिकटतं आणि सुटा तुकडा आत शिरतो. पेशीतली एक कळ तो चालू स्थितीत अडकवून ठेवतो, नळ सोडून कोणी तोटीच काढून न्यावी तशी. पेशी क्लोराइड बाहेर ओतत सुटते, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी. पेशी मरत नाही, आतड्याचं अस्तरही सोलून निघत नाही. रोग्याचा जीव जातो तो पाणी-क्षार निघून गेल्याने.

आणि म्हणूनच तो वाचवता येतो! साखरेबरोबर सोडियम आत घेणारी पेशीची दुसरी वाट या सगळ्या धुमाकुळात शाबूत राहते. त्याच वाटेने जलसंजीवनी काम करते. हे ज्ञान अनेक देशांतल्या अनेकांनी मिळून उभं केलं. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला.

डे यांचं काय झालं? फारसं काही नाही. त्यांच्या शोधाची जगाने दखल घ्यायला बरीच वर्षं लावली. विष शुद्ध स्वरूपात वेगळं करायला जी यंत्रं आणि माणसं लागतात, ती दुसऱ्यांकडे होती. अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी ते काम १९६९मध्ये केलं. मला विचाराल तर चूक डे यांची नव्हती. प्रश्न आणि हत्यार ही अध्यापकाची कमाई. पण प्रयोगशाळा आणि पुढची पिढी पुरवायची असते संस्थेने. १९७३मध्ये ते निवृत्त झाले. १९७८मध्ये नोबेल प्रतिष्ठानच्या पटकीवरच्या परिसंवादाला त्यांना सन्मानाने बोलावलं गेलं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. १९८५मध्ये डे गेले.

ते विष मात्र भलत्याच कामांना लागलं आहे. पेशीतली ती अडकणारी कळ म्हणजे जी-प्रथिन, आणि ती ओळखताना शास्त्रज्ञांना याच विषाची मदत झाली; जी-प्रथिनांच्या शोधाला १९९४चं नोबेल मिळालं. विषाचं ते पाचजणांचं निरुपद्रवी कडं पटकीच्या एका तोंडावाटे द्यायच्या लशीत घालतात. मेंदूचा अभ्यास करणारे तेच कडं मज्जातंतूच्या टोकाशी टोचतात. ते तंतूतून उलट्या दिशेने प्रवास करत पेशीपर्यंत पोचतं, आणि कोणता तंतू कुठून निघाला ते दाखवून देतं.