टाकळ्याचा तोतया ओळखा

पावसाने जोर धरला, की दादर, ठाणे, कल्याणच्या बाजारांत आदिवासी महिला टाकळा, फोडशी, शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे शहरवासीयांचे कुतूहलही वाढले आहे. त्यातूनच कुंपणालगत वा सहलीच्या वाटेवर उगवलेला पाला स्वतः खुडून आणण्याचा मोह होतो. मात्र खाण्याजोग्या झाडाशेजारीच त्याचा विषारी तोतया उभा असू शकतो.

टाकळा आणि कासविंदा हे याचे ठळक उदाहरण. दोन्ही झुडपे एकाच कुळातील, दोघांचीही फुले पिवळी आणि पाल्याचा वास उग्र. कासविंद्याला काही ठिकाणी ‘रानटाकळा’च म्हटले जात असल्याने गोंधळात भर पडते. फरक पानांत आहे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात आणि पर्णिकांची टोके गोलसर असतात. कासविंद्याच्या पर्णिका अधिक आणि टोकदार असतात. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकडी. कासविंद्याची चपटसर आणि फिकट कडांची.

हा फरक जिवावर बेतू शकतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरताना लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. हा विषाणूजन्य मेंदूज्वर असल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. मात्र डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी बिजनौर जिल्ह्यात केलेल्या अभ्यासातून २००७मध्ये वेगळेच कारण पुढे आले. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. त्यातील विषाने यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घातला होता. ओडिशातील मलकानगिरी येथे २०१६मध्ये झालेल्या बालमृत्यूंच्या चौकशीतही याच वनस्पतीचे नाव आले.

कंदांबाबतही हीच सावधगिरी हवी. कळलावीचा कंद रताळे किंवा अन्य खाद्यकंद समजून खाल्ल्याने श्रीलंकेत विषबाधा झाल्याची नोंद आहे. त्यातील कोल्चिसीन शिजवूनही नष्ट होत नाही. नांगराच्या फाळासारखा कंद आणि टोकाशी तणाव्यासारखी वळणारी पाने ही कळलावीची खूण. संस्कृतातील ‘लांगली’ हे नावही नांगरावरूनच आले आहे.

एकाच खुणेवर विसंबून वनस्पती ओळखणे धोक्याचे ठरते. पान, खोड, फूल, शेंग आणि कंद यांचा मेळ बसायला हवा. चिरलेल्या पाल्यात या खुणा हरवतात. म्हणून देठासह जुडी घ्यावी आणि विकणाऱ्या महिलेकडून ओळख व शिजवण्याची रीत विचारून घ्यावी. मोबाइलमधील अ‍ॅपने सांगितलेले नाव हा केवळ अंदाज समजावा. मुले खेळतात तेथील कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच उपटावा. शंकास्पद काही खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब वा गुंगी आल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि त्या वनस्पतीचा नमुना सोबत न्यावा.